छोट्या भुऱ्याची उंची

त्या रविवारी दुर्वाच्या गळ्यात पंधरा फूट पारदर्शक नळी होती. ओमती बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली, बोटाएवढी जाड, भिंतीची पातळी बघायला गवंडी वापरतात ती. तिने ती हारासारखी घातली होती. डोक्यावर बाबांची जुनी टोपी, पायात शाळेचे पीटीचे बूट, आणि चेहऱ्यावर असं काही हसू, की जोंगा जीपचं दार उघडताना बाबांनी विचारलंच, "काय गं, लग्न लागून राहिलं का तुझं? हार घालून बसली."

"बाबा, आज मी इतिहास घडवणार आहे. चलो, निघा!"

"इतिहासाचा पेपर मार्चमध्येच झाला ना?"

बाबा, म्हणजे सूर्यकांत, जबलपूरच्या गाड्यांच्या कारखान्यात टेस्ट ड्रायव्हर होते. नवा कोरा फौजी ट्रक खड्ड्यांत, चिखलात, दगडांवर चालवून बघायचा आणि कुठे काय खडखडतं ते लिहून द्यायचं, ही त्यांची नोकरी. आठवडाभर सरकारी ट्रक आपटून झाले की रविवारी ते स्वतःची जोंगा आपटायला काढत. ही जोंगा फौजेच्या लिलावातली, हिरवी, चौकोनी, दुर्वाच्या दुप्पट वयाची. पहाटे साडेपाचला ती सुरू झाली की गोरखपूर मोहल्ल्यातल्या त्यांच्या गल्लीत गजर लावायची कोणाला गरज पडत नसे.

मागच्या सीटवर शरयू काकू पेढ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. काकू रेल्वेच्या ऑफिसात होत्या आणि कुठल्याही डोंगरावर खायला नेल्याशिवाय पाय ठेवत नसत. त्यांच्या शेजारी सौमित्र सर, दोन वर्षांपूर्वी पुण्याहून इथल्या कॉलेजात शिकवायला आलेले. महाराजपूरला वळणावर नीलकंठ काकाजी उभे होते. बहात्तर वर्षांचे, ताठ, हातात दोन काठ्या, उजव्या गुडघ्याला पट्टा.

"दोन मिनिटं उशीर," ते चढता चढता म्हणाले. मग त्यांची नजर नळीवर पडली आणि चेहरा कडू झाला. "आणलंच का तू हे?"

"आणलीच," दुर्वा म्हणाली.

आता हे 'हे' काय होतं ते सांगायला हवं.

अठ्ठ्याण्णव साली नीलकंठ काकाजी आणि त्यांच्या तीन मित्रांनी जबलपूरच्या आसपासचे बारा ओसाड डोंगर निवडले होते. असे, की जिथे डांबरी रस्ता जात नाही, देऊळ नाही, पायऱ्या नाहीत, भजीवाला नाही. प्रत्येकाच्या माथ्यावर त्यांनी एक पत्र्याचा डबा ठेवला आणि डब्यात वही. सगळ्यात उंच दगडावर बसायचं आणि वहीत सही करायची. बारा सह्या झाल्या की तो माणूस 'बारामाथी'. हळूहळू जबलपुरातली पाचपन्नास मराठी माणसं या नादाला लागली, त्यांचं एक मंडळच झालं. आणि दर दोन वर्षांनी जूनमध्ये काकाजी निवडक लोकांना घेऊन लडाखला जात. तिथल्या थंड वाळवंटात, नकाशावर नावही नसलेल्या डोंगरांवर, दगडधोंड्यांच्या रस्त्यांनी. झाड नाही, पाणी नाही, माणूस नाही. नियम एकच होता आणि तो काकाजींनीच केला होता. बारा माथे पूर्ण, तर लडाख. नाही तर नाही. मंत्र्याचा मुलगा असला तरी नाही.

दुर्वाचे अकरा झाले होते. बारावा होता भूरा. लडाखची यादी आज बंद होणार होती, कारण एप्रिलचा हा शेवटचा बरा रविवार. पुढच्या आठवड्यात उष्ण वाऱ्यांची लू सुरू झाली की हे डोंगर तव्यासारखे तापतात आणि दिवाळीपर्यंत कोणी तिकडे फिरकत नाही. म्हणजे आज सही झाली तर दुर्वा जूनमध्ये लडाखला. नाही झाली तर दोन वर्षांनी, आणि दोन वर्षांनी ती कुठल्या गावात कुठल्या कॉलेजात असेल कोणाला ठाऊक.

एवढं सोपं होतं. फक्त दुर्वानेच ते अवघड करून ठेवलं होतं.

भुऱ्याला दोन माथे. बडा भूरा आणि छोटा भूरा. डबा बड्यावर. सगळ्यांच्या सह्या बड्यावर. पण फेब्रुवारीत अकराव्या डोंगरावरून उतरताना दुर्वाने वळून भुऱ्याकडे पाहिलं होतं. सूर्य बुडत होता. बड्यावरचं ऊन विझलं, आणि छोट्याच्या टोकावर मात्र अजून टिचभर उरलं होतं. ती तिथेच थांबून राहिली. मग पुढच्या दोन रविवारी बाबांना जोंगा काढायला लावून तिने तेच पुन्हा दोनदा पाहिलं. आणि मंडळाच्या व्हॉट्सॲपवर बिनधास्त लिहून टाकलं, "मला वाटतं छोटा भूरा बड्यापेक्षा उंच आहे. म्हणजे सगळे चुकीच्या माथ्यावर बसले."

सतरा हसरे चेहरे आले. काकाजींनी एकच ओळ लिहिली. "बेटा, नावच छोटा आहे."

आधीची दुर्वा असती तर तिने तो मेसेज पुसला असता आणि आठवडाभर फोनला हात लावला नसता. पण जानेवारीत शाळेच्या गॅदरिंगमध्ये निवेदन करणाऱ्या मुलीचा घसा बसला, बाईंनी जी समोर दिसली तिच्या हातात माइक दिला, आणि दुर्वा दोन तास बोलली. न अडखळता. लोक हसले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि ज्या मुलींना चार वर्षांत तिचं नाव ठाऊक नव्हतं त्या विचारू लागल्या, ही कोण? तेव्हापासून तिला एक शोध लागला होता. तोंड उघडलं तर जग कोसळत नाही.

तर ही ती नळी.

डांबरी रस्ता संपला तसं बाबांच्या अंगात चैतन्य आलं. आधी धुळीची वाट, मग वाटेतले दगड, मग दगडांतली वाट. खाली महुआची, म्हणजे मोहाची, फुलं पडली होती आणि त्यांचा गोड, आंबूस वास गाडीत शिरत होता. टिकरिया नावाच्या वाडीत बायका टोपल्या घेऊन फुलं वेचत होत्या. वाडीच्या समोरच बडा भूरा छाती काढून उभा, आणि त्याच्या खांद्यामागून छोटा जरासा डोकावत होता. इथून बघितलं तर कोणीही त्याला छोटाच म्हटलं असतं.

वाडीला वळसा घालून जोंगा डोंगराच्या कुशीतल्या कोरड्या नाल्यात उतरली आणि थांबली. समोर टेबलाएवढे दगड.

"उतर," बाबा म्हणाले.

दुर्वाला हे सगळ्यात आवडायचं. बाबांचा नियम होता, ज्या रस्त्यावर पाय ठेवला नाही त्यावर चाक ठेवायचं नाही. ती पुढे पळाली, दगड पायाने हलवून बघितले, हलणारे बाजूला लोटले आणि मग बाबांकडे तोंड करून उलटी चालू लागली. तळहात डावीकडे, थोडं उजवीकडे, ये ये ये, आणि मूठ. मूठ म्हणजे थांब. जोंगा मान डोलावत, एकेक चाक उचलत, म्हशीसारखी शांतपणे वर आली.

आतून सौमित्र सर ओरडले, "अहो सूर्यकांतराव, माझ्या मणक्यांची संख्या बदलली बहुतेक!"

"फिर से गिन लो सर, एक-दो कम चलेगा," शरयू काकू म्हणाल्या.

नाल्याच्या टोकाला गाडी लावली. सव्वासात. बाबांनी सगळ्यांच्या बाटल्या तपासल्या. माणशी तीन लिटर. "अकरा वाजता सगळे इथे. अकरा म्हणजे अकरा. त्यानंतर दगड तापतात आणि मी कोणाला खांद्यावर आणणार नाही."

भूरा हे नाव कोणी ठेवलं असेल त्याने फार डोकं चालवलं नसावं. डोंगर होताच तसा, तपकिरी. खाली पानं झडलेला साग, अर्ध्यावर काटेरी झुडपं, आणि वर काहीच नाही. नुसते फरशीसारखे दगडाचे थर, त्यांच्यावर सरडे, आणि तोंडावर येणारा सुका वारा. दुर्वाला वाटलं, लडाख असंच असेल, फक्त थंड. तिला पळावंसं वाटत होतं. ती पळतही होती. पुढे जायची, वरून ओरडायची, "इकडून या, इकडून मस्त आहे!" आणि परत खाली यायची.

"पोट्टी डोंगर दोनदा चढून राहिली," काकाजी गुडघा चोळत म्हणाले. पण म्हणताना त्यांच्या मिशीत काहीतरी हललं.

साडेआठला बडा भूरा आला. मोठा सपाट कातळ, मधोमध सगळ्यात उंच असा वीतभर दगड, दगडाच्या फटीत डबा. काकाजींनी तो बाहेर काढला, वही उघडली. पहिल्या पानावर त्यांचं स्वतःचं नाव, अठ्ठ्याण्णवची तारीख आणि सुवाच्य अक्षरात 'भूरा, सर्वोच्च माथा'. खाली पुढच्या सत्तावीस वर्षांची नावं. बाबांचं. शरयू काकूंचं.

"ये," काकाजी म्हणाले आणि पेन पुढे केला. "बैस दगडावर. कर सही."

शरयू काकूंनी पेढ्यांच्या डब्याचं झाकण काढलं. सौमित्र सरांनी फोटोसाठी फोन धरला. बाबा हसत होते, म्हणजे अगदी दात दिसेपर्यंत, आणि ते फारसे हसत नाहीत.

दुर्वाने पेन घेतला. बोटात धरला. दोन अक्षरांचं काम. आणि जून, आणि जोंगा, आणि ते निनावी डोंगर.

"आधी मोजू का?" ती म्हणाली.

"अरे यार दुर्वा," शरयू काकू म्हणाल्या, "पहले सही कर, मग मोज ना बाई दिवसभर. कोण नाही म्हणून राहिलं?"

खरं म्हणजे यात चुकीचं काहीच नव्हतं. पण दुर्वाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. एकदा सही केली की नळीत पाणी ओतायला तिचा हात उठणार नाही. ती म्हणेल, उशीर झाला, ऊन झालं, पुढच्या वेळी बघू. तिने पेन वहीवर ठेवला.

"नाही. आधी मोजते."

काकाजींनी वही मिटली आणि ते पाठ फिरवून वाडीपलीकडच्या क्षितिजाकडे बघत बसले.

दुर्वाने काकाजींच्याच दोन काठ्या मागून घेतल्या आणि सहा फुटांवर कातळाच्या भेगांत रोवल्या. नळीची दोन टोकं केसांच्या रबरांनी काठ्यांना उभी बांधली, मधली नळी खाली झोळीसारखी सोडली. बाटलीतलं गार पाणी ओतलं. "पिण्याचं आहे ते," बाबा म्हणाले. "एक ग्लास, बाबा!" मग दोन थेंब निळी शाई. पाणी दोन्ही काठ्यांवर सारख्या उंचीला येऊन थांबलं, कातळापासून दीड वीत वर, मधल्या दगडाहूनही उंच.

"आता बघा, म्हणजे हे कसं आहे," दुर्वा सौमित्र सरांना समजावू लागली, कारण बाकी कोणी तिच्याकडे बघत नव्हतं. "दोन्हीकडचं पाणी एका पातळीत. एका पाण्यावरून दुसऱ्या पाण्यावर नजर लावली की ती रेघ एकदम सपाट जाते. ती छोट्याच्या डोक्यावरून गेली तर छोटा छोटाच. आणि छोट्याला धडकली तर..."

"तर आपल्याकडे आज पेढे नाहीत," सर म्हणाले. "माझे पाचच माथे झालेत म्हणा. माझं काय जातंय. बघ तू."

ती पालथी पडली. कातळ पोटाला चटकत होता. एक डोळा मिटला. जवळचं निळं वर्तुळ, पलीकडचं निळं वर्तुळ, आणि त्यांच्या पुढे, दरीपलीकडे, छोट्याचा दगड. नुसता दगड. टोक कितीतरी वर होतं. दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढं वर.

"धडकली!" ती किंचाळली आणि उडी मारून उभी राहिली. "धडकली धडकली धडकली! बाबा! दोन माणसं उंच आहे!"

दरीतून दोन कावळे उडाले. शरयू काकूंनी डब्याचं झाकण लावलं.

"उठ तिथून," काकाजींचा आवाज आला.

"मी उठलेलीच आहे, काकाजी."

"मग बाजूला हो. ज्यानं माल बनवला त्यानं तपासायचा नाही. चौतीस वर्षं ह्या एका नियमापायी मी लोकांच्या शिव्या खाल्ल्या."

काकाजी तोफांच्या कारखान्यात मापं तपासणारे गेज तपासनीस होते. केसाच्या जाडीएवढा फरक असला तरी ते माल परत पाठवत. त्यांनी पास केलेल्या मालावर हिरवा ठिपका, नापास मालावर लाल. लोक सांगत की काकाजींच्या टेबलावर लाल डबी महिन्यात संपायची आणि हिरवी वर्षभर पुरायची.

ते एका हातावर भार देत, गुडघा वाचवत, हळूहळू पालथे झाले. त्यांनी डोंगराकडे बघितलंच नाही. नळीकडे बघितलं. वितभर, वितभर, सबंध नळीभर नजर फिरवली.

"हे काय आहे?"

दुर्वा वाकली. जवळच्या काठीच्या नळीत, पाण्याच्या चार बोटं खाली, हरभऱ्याएवढा बुडबुडा अडकून बसला होता.

"गार पाणी ओतलं तू. नळी उन्हानं तापली, पाण्यातली हवा सुटली, इथं गोळा झाली. म्हणून इकडचं पाणी खोटंच वर चढून बसलं. रेघ पुढे खाली झुकली. तुझा छोटा फुकटात मोठा झाला."

दुर्वा अजून वाकलेलीच होती, त्या बुडबुड्यापाशी. बाकीच्यांचे चेहरे मात्र उजळले. शरयू काकूंनी झाकण परत काढलं. "चलो, झालं! होतं असं. ये बेटा, कर सही आणि पेढा खा."

पेन वहीवर तसाच होता. कोणीही तिला हसलं नव्हतं, हसणारही नव्हतं. तरी तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. जुनी दुर्वा परत यायला तयारच बसली होती, मान खाली घालून, सॉरी म्हणायला.

"बुडबुडा काढून परत बघा ना, काकाजी," ती म्हणाली. आवाज जरा चिरकला. पण निघाला.

काकाजींनी तिच्याकडे बघितलं. त्यांना तिथेच उठता आलं असतं. गुडघा दुखतो म्हणता आलं असतं, ऊन झालं म्हणता आलं असतं. त्यांनी नखाने नळीवर टिचकी मारली. बुडबुडा हलला, थोडा वर सरकला. आणखी एक टिचकी. तो वर आला आणि फुटला. काकाजींनी पाणी थरथरायचं थांबेपर्यंत वाट बघितली. मग डोळा लावला.

कितीतरी वेळ गेला. बाबांनी दोनदा घड्याळ बघितलं.

"पाण्याची रेघ मधल्या दगडाच्याही अर्धी वीत वर आहे," काकाजी शेवटी म्हणाले, डोळा न काढता. "म्हणजे तेवढं आपण बड्याला फुकट दिलं."

"हो," दुर्वा म्हणाली.

"तरी."

"तरी काय?"

"तरी छोटा वरच आहे. दोन माणसं नाही. एक." ते उठून बसले. कपाळाला खडे चिकटले होते. "लाल."

यावेळी दुर्वा ओरडली नाही. तिला ओरडायचं होतं, सगळ्या अंगातून ओरडणं वर येत होतं, पण काकाजींचा चेहरा बघून तिने ते दातांमागे धरून ठेवलं.

"चौतीस वर्षं पेटीवर काय छापलंय ते मी वाचलं नाही," काकाजी म्हणाले. "मोजलं. आणि इथं वाडीतले लोक बडा म्हणाले, मी बडा लिहून टाकलं. ते तर खालून बघून म्हणतात. मी वर उभा होतो ना."

त्यांनी वही ओढली, पहिलं पान काढलं आणि आपल्या नावापुढे लिहिलं, 'नामंजूर.' खाली सही आणि तारीख.

"काहून असं करून राहिले काकाजी?" शरयू काकू कळवळल्या. "आमची नावं आहेत ना खाली!"

"तुमची तुम्ही खोडा. मी माझंच खोडलं."

"म्हणजे आता," सौमित्र सर सावकाश म्हणाले, "जबलपुरात एकही बारामाथी नाही. लडाखची गाडी रिकामी."

हे मात्र कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. सगळे एकमेकांकडे बघू लागले. आणि मग सगळे एकदम छोट्याकडे. मध्ये एक खोल खिंड, सैल दगडांची, आणि पलीकडे ते उघडं टोक.

बाबांनी घड्याळ बघितलं. "नऊला पाच कमी. पावणेदहापर्यंत पोचलो तर पोचलो. नाही तर जिथे असू तिथून मागे." मग जरा हळू आवाजात, "काकाजी, तुम्ही शरयूताईंबरोबर इथेच थांबा. ती खिंड तुमच्या गुडघ्याला..."

"आणि जूनमध्ये?" काकाजींनी विचारलं.

नियम त्यांचाच होता, आणि तो त्यांनी एकदाही कोणासाठी वाकवला नव्हता.

"सगळे जाऊ!" दुर्वा म्हणाली. "मी पुढे होते, वाट काढते. हात हलवला की या, मूठ दाखवली की थांबा. बाबा, जोंगा येते तर काकाजी नाही येणार?"

"मले जोंगा म्हणते का तू?" काकाजी म्हणाले आणि काठ्या उपटू लागले.

खिंडीतले दगड पापडासारखे पातळ होते आणि पायाखाली खणखण वाजत. दुर्वा उतारावर पळाली, घसरली, बसून घसरली, उठली. एका कड्यापाशी वाट संपली. मूठ! ती मागे आली, उजवीकडे वळली आणि खाली बघितलं तर काळ्या मिऱ्यांसारख्या लेंड्या. बकऱ्या! जिथे बकऱ्या जातात तिथे काकाजी जातील. ती लेंड्यांच्या मागोमाग निघाली, हात हलवत, ओरडत, "या या या, डावीकडे हलता दगड आहे, त्यावर नाही, पुढच्यावर, हां!" मागून काठ्यांची टकटक, बाबांचा धीमा आवाज, आणि शरयू काकू, "देवा, रेल्वेत किती छान आहे सगळं, रूळ असतात!"

साडेनऊला ती छोट्याच्या शेवटच्या खडकांपाशी होती. वर तीस फूट. मागे बघितलं तर काकाजी अजून खिंडीच्या चढावर, दर चार पावलांनी थांबत. बाबांनी खालून हाताने इशारा केला. तू जा. तुझं तरी होऊ दे.

ती गेली. का नाही जाणार? हाताने, गुडघ्याने, एका चिरेतून अंग चोरून ती वर गेली आणि वर उठली, आणि वर काहीच नव्हतं. डबा नाही, झेंडा नाही, खडूने लिहिलेलं कोणाचं नाव नाही. साळिंदराचा एक काळापांढरा काटा, आणि चारी बाजूंनी आकाश. तिने टोकाच्या दगडावर दोन्ही हात ठेवले. मग बसली. मग उभी राहून बिनशब्दांचं असं काही ओरडली की तळाशी सौमित्र सर मटकन खाली बसले.

मग तिने पलीकडच्या बाजूला बघितलं, आणि तशीच धडपडत परत खाली आली.

बाबा, काकाजी आणि बाकीचे खडकांच्या पायथ्याशी पोचले होते. बाबा मनगटाकडे बघत होते. "पावणेदहा," ते म्हणाले. त्यांना ते म्हणायचं नव्हतं, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

"नियम म्हणजे नियम," काकाजी म्हणाले. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. त्यांनी वर एकदा बघितलं, तीस फूट, आणि काठी मागे वळवली. "पोरीनं हात लावला ना?"

"लावला! सोडते की काय!" दुर्वा धापा टाकत म्हणाली. "पण बाबा, थांबा, ऐका. मी वरून जोंगा बघितली. पलीकडून डोंगराची एक सोंड सरळ नाल्यात उतरते, गाडीच्या टपापर्यंत. सगळी गवताची, कडा नाही, काही नाही. बड्यावर परत गेलो तर दीड तास. इकडून गेलो तर तास पण नाही. म्हणजे वर जाणं हाच मागे जायचा जवळचा रस्ता आहे!"

"पाय ठेवलास त्या सोंडेवर?"

"नाही. डोळे ठेवले."

बाबा खडकांवर चढले. दोन मिनिटं त्यांचे नुसते बूट दिसत होते. मग वरून त्यांचा हात आला, तळहात आत वळवलेला. ये ये ये.

काकाजींना त्या चिरेतून वर नेणं म्हणजे गंमतच होती. बाबा वरून ओढत, सौमित्र सर खालून पाठीला खांदा लावून, आणि दुर्वा मध्ये लटकून त्यांचा दुखरा पाय एकेका खोबणीत ठेवत. "हळू, हळू, हा पाय माझा आहे, नळी नाही," काकाजी ओरडत होते. आणि मग ते वर होते. दगडावर बसले. बराच वेळ नुसता श्वास घेतला.

खिंडीपलीकडे बडा भूरा होता. त्याच्या डोक्यावरून, हो, डोक्यावरून, पलीकडचं सपाट क्षितिज दिसत होतं. मघाशी बड्यावर बसून त्यांनी याच क्षितिजाकडे बघितलं होतं.

"आता इकडूनही नळी लावून..." काकाजींनी सुरुवात केली.

"नाही!" चौघंही एकदम ओरडले.

काकाजी हसले. दुर्वाने त्यांना असं हसताना कधीच बघितलं नव्हतं, पोट हलेपर्यंत. त्यांनी बड्यावरून आणलेली वही काढली, कोरं पान उघडलं आणि पेन तिच्याकडे केला. "लिही. पहिलं तू, दोन नंबरला मी. जूनच्या सात तारखेला निघायचं, स्वेटर दोन घे."

तिने लिहिलं. एवढं मोठं, की दोन ओळी तिच्या एकटीच्या नावाला लागल्या. मग काकाजी, मग बाबा, मग शरयू काकू, आणि शेवटी सौमित्र सर, त्यांनी नावापुढे 'माथा क्रमांक सहा, प्रामाणिकपणे' असं लिहिलं.

सोंड अगदी दुर्वाने बघितली होती तशीच निघाली. जवळजवळ. मध्ये एक दहा फुटांचा टप्पा होता, जो वरून दिसला नव्हता आणि ज्याबद्दल शरयू काकू पुढे वर्षभर बोलणार होत्या. अकराला तीन मिनिटं कमी असताना ते जोंगापाशी होते. दगडांवरून आता वाफ निघाल्यासारखी हवा थरथरत होती. सगळ्यांनी उरलेलं पाणी डोक्यावर ओतलं, पेढे संपवले आणि गाडीत बसले. बाबांनी जोंगा नाल्यात उतरवली.

दुर्वा काकाजींच्या शेजारी बसली होती. तिच्या गुडघ्यावर खरचटलं होतं, नाक सोललं होतं, आणि तिला गप्प बसवत नव्हतं. लडाखबद्दल तिने एका दमात सतरा प्रश्न विचारले. काकाजी डोळे मिटून हूं हूं करत होते.

"आणि काकाजी," ती म्हणाली, "बाकीचे अकरा मोजले होते ना?"

बाबांनी ब्रेक लावला. नाल्याच्या मधोमध जोंगा थांबली. सगळ्यांनी मागे वळून काकाजींकडे बघितलं.

काकाजींनी डोळे उघडले नाहीत.

"दोन-तीनवर मले शंका आहे," ते म्हणाले. "लडाखहून आल्यावर बघू."

"कोणते? कोणते दोन-तीन?" दुर्वा सीटवर उठून गुडघ्यांवर बसली. "काकाजी! नावं सांगा ना!"